घाम आला आहे की नाही?

सिंगापूरला किंवा शांघायला नोकरीनिमित्त असलेली मुले हल्ली पुण्यातल्या आईवडिलांसाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या घेऊन येतात, आणि मग ‘ही गोळी कशावर चालते?’ अशी विचारणा माझ्याकडे होते. आयुर्वेदाच्या शहरात वाढलेल्या माणसाने हा प्रश्न इतक्या घाईने विचारावा, याचे मला थोडे आश्चर्य वाटते; कारण चिनी वैद्यकही आजाराच्या नावावरून नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणसमूहावरून औषध ठरवते.

साध्या सर्दीतापाचेच पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने ‘शांग हान लुन’ या ग्रंथात थंडी बाधून आलेल्या तापावर दोन वेगळे काढे सांगितले आहेत. ताप आहे, वारा सोसवत नाही आणि घामही येतो आहे, अशा रुग्णाला ‘ग्वी झी तांग’ द्यायचा; पण घामाचा पत्ता नाही, अंग ठणकते आहे आणि धाप लागते आहे, अशा रुग्णाला ‘मा हुआंग तांग’. दोन्ही काढ्यांत दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या असतात, मात्र घटकद्रव्यांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशी पदे देण्याच्या तिथल्या पद्धतीनुसार पहिल्यात त्या राजा ठरतात, तर दुसऱ्यात राजेपण मा हुआंग म्हणजे एफेड्रा या वनस्पतीकडे जाते आणि दालचिनी मंत्री होते.

ग्वी झी तांगमधली उरलेली द्रव्ये म्हणजे पिओनीची मुळे, ताजे आले, ज्येष्ठमध आणि १२ सुकवलेली चिनी बोरे (ही आपल्या बोरांच्याच कुळातली, पण वेगळ्या जातीची असतात). मला या द्रव्यांपेक्षा काढा घेण्याची रीत अधिक वाचनीय वाटते. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने तांदळाची गरम, पातळ पेज प्यावी, सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडावे, सर्वांगाला हलका घाम सुटावा पण घामाच्या धारा लागू देऊ नयेत, आणि एका मात्रेने बरे वाटले तर पुढची घेऊ नये, असे ग्रंथ बजावतो. पथ्यात कच्चे, थंड, चिकट पदार्थ, मांस आणि मद्य वर्ज्य आहे. ही पेज म्हणजे आपल्याकडचे अनुपानच, औषधाच्या जोडीने घ्यायचा पदार्थ; बाटलीतल्या गोळीबरोबर मात्र ती येत नाही.

पुण्यात येणाऱ्या बाटल्यांत ‘लिउ वेई दी हुआंग वान’ ही सहा द्रव्यांची गोळी बरीच दिसते. सोंग राजवटीतील बालरोगतज्ज्ञ च्यान यी याने झांग झोंगजिंगच्याच एका जुन्या कल्पातून, म्हणजे औषधाच्या पाठातून, दालचिनी आणि बचनागाच्या जातीचे एक उष्ण मूळ वगळून ती वाढ खुंटलेल्या मुलांसाठी बांधली. आज तीच गोळी कंबर-गुडघ्यांची अशक्तता, कानातला आवाज, रात्रीचा घाम अशा तक्रारींवर मोठी माणसे घेतात. आजार निराळे असले तरी मागचा लक्षणसमूह एकच मानल्यामुळे हे चालते.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र इथेही धोक्याची आहे. मा हुआंगमधले एफेड्रिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांत त्यावर बंदी घातली. ज्येष्ठमध फार दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तातले पोटॅशियम उतरते, आणि ते तर कितीतरी चिनी कल्पांत दूत म्हणून असतेच. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काळात वजन घटवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका मुळाऐवजी ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचे मूळ मिसळले गेले, त्यामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्या गोळ्या कुठल्याही जुन्या कल्पाप्रमाणे बांधलेल्या नव्हत्या. भूक मारणाऱ्या आधुनिक औषधांच्या जोडीला चिनी द्रव्ये घालून, कुणाचीही प्रकृती न पाहता त्या सरसकट दिल्या जात होत्या.