एएफ-एक्सडीपीवर जम्बो फ्रेम घ्यायच्या तर नुसता फ्लॅग पुरत नाही

एएफ-एक्सडीपी म्हणजे लिनक्समध्ये पॅकेट्स थेट आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत घ्यायचा रस्ता. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला जम्बो फ्रेम, म्हणजे ९००० एमटीयूची (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचं कमाल माप, बाइटमध्ये) पॅकेट्स घेता आली पाहिजेत असं कुणी म्हटलं की लगेच उत्तर येतं, अरे ६.६ कर्नलमध्ये सपोर्ट आलाय की, एक फ्लॅग टाक आणि मोकळा हो. फ्लॅग एकच आहे हे खरंय. पण तो टाकल्यावर कळतं की आपल्या कोडमध्ये जागोजागी "एक डिस्क्रिप्टर म्हणजे एक पॅकेट" (डिस्क्रिप्टर म्हणजे पॅकेट मेमरीत कुठे आहे, केवढं आहे हे सांगणारी छोटी नोंद) असं गृहीत धरलेलं आहे, कुठे लिहून नाही, कॉमेंट नाही, पण आहे, आणि खरं काम ते शोधून उपटायचं आहे.

ज्यांनी हे वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एएफ-एक्सडीपी लिनक्समध्ये ४.१८ पासून आहे, म्हणजे २०१८ पासून, इंटेलच्या ब्यॉर्न टोपेल आणि मॅग्नस कार्लसन यांचं काम. तुम्ही युजरस्पेसमध्ये मेमरीचा एक मोठा पट्टा राखून ठेवता, त्याला यूमेम म्हणतात, त्याचे सारख्या मापाचे चंक पाडता, आणि मग चार रिंग्जवरून, म्हणजे नोंदींच्या गोल रांगांवरून, कर्नलशी व्यवहार चालतो: हे रिकामे चंक घे, हा भरला, हा पाठव, हा पाठवून झाला (ही शेवटची कम्प्लिशन रिंग). नेहमीचा नेटवर्क स्टॅक मध्ये येतच नाही, आणि झिरो-कॉपी असेल तर नेटवर्क कार्ड थेट तुमच्या चंकमध्ये लिहितं. वेग येतो तो इथूनच.

आता गोची अशी की हे चंक साधारणपणे २०४८ नाहीतर ४०९६ बाइटचे, पेजमध्ये मावतील असे. ४०९६ मधले २५६ हेडरूमला, म्हणजे पॅकेटच्या आधी मोकळ्या ठेवलेल्या जागेला, जातात, उरले ३८४०. १५०० चं पॅकेट त्यात लोळतं, ९००० चं काही केल्या बसत नाही. म्हणून कितीतरी वर्षं एएफ-एक्सडीपी आणि जम्बो फ्रेम यांचं जमलंच नाही, एक्सडीपी प्रोग्रॅम (पॅकेट येताच ड्रायव्हरपाशी चालणारा छोटा प्रोग्रॅम, तोच पॅकेट एएफ-एक्सडीपीच्या सॉकेटकडे वळवतो) लावला की ड्रायव्हर एमटीयू वाढवू देत नसे आणि एमटीयू आधीच वाढवलेला असला की प्रोग्रॅम लावू देत नसे.

मोठी पॅकेट्स हवीत कशाला असंही काही जण विचारतात. १० गिगाबिटची लिंक १५०० च्या पॅकेट्सनी भरली तर सेकंदाला साधारण ८.१ लाख पॅकेट्स होतात, ९००० च्या पॅकेट्सनी भरली तर १.४ लाखाच्या आतबाहेर. प्रत्येक पॅकेटमागे हेडर बघणं, टेबलात लुकअप, काउंटर वाढवणं हा खर्च ठरलेला, पॅकेट लहान असो की मोठं. स्टोरेज आणि बॅकअपच्या ट्रॅफिकला हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय काही ठिकाणी प्रश्न हौसेचा नसतोच, एडब्ल्यूएसमध्ये आतल्या नेटवर्कचा एमटीयू ९००१ आहे, तिथे मोठी पॅकेट्स येणारच.

तर उपाय काय केला, एका पॅकेटला अनेक चंक. सॉकेट बाइंड करताना एक्सडीपी_यूज_एसजी फ्लॅग द्यायचा, मग कर्नल मोठं पॅकेट तुकड्यांमध्ये, लागोपाठच्या डिस्क्रिप्टर्समध्ये देतं. डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता, लांबी आणि ऑप्शन्स अशी तीन खाती असतात. त्यातलं ऑप्शन्स इतकी वर्षं रिकामंच पडलेलं होतं, त्याचा एक बिट आता "पुढे अजून आहे" सांगतो. आपल्याकडे रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागे मोठा एक्स असतो ना, गाडी पूर्ण गेली हे कळायला, इथे त्याच्या उलट, शेवटचा सोडून सगळ्यांवर खूण. मला ही रचना आवडते, कारण लहान पॅकेट्सना काहीच बदल नाही, बिट शून्य, काम जुनंच.

फ्लॅग दिला नाही तर मोठी पॅकेट्स पूर्वीसारखी गपचूप टाकून दिली जातात. आणि तुमचा एक्सडीपी प्रोग्रॅमसुद्धा तयार लागतो, त्याच्या सेक्शनचं नाव एक्सडीपी.फ्रॅग्ज ठेवायचं, ही सोय ५.१८ पासूनची. प्रोग्रॅममध्ये डेटा आणि डेटा-एंड हे पॉइंटर फक्त पहिल्या तुकड्यापुरते असतात, म्हणून त्यांच्या वजाबाकीवरून पॅकेटची लांबी काढणारा जुना कोड आता चुकीचा आकडा देतो. पूर्ण लांबीसाठी वेगळा हेल्पर, म्हणजे कर्नलने दिलेलं फंक्शन, आहे, तोच वापरा.

आता सगळ्यात चिवट भाग. कर्नल हमी देतं की रिंगमध्ये पॅकेट आलं तर पूर्ण येईल, जागा कमी पडली तर सगळे तुकडे टाकून देईल, अर्धवट काही नाही. हे वाचून माणूस निवांत होतो. पण आपण रिंग वाचतो बॅचमध्ये, एका वेळी ३२ किंवा ६४ डिस्क्रिप्टर्स, आणि बॅच पॅकेटच्या मधोमध संपू शकते! ६४ वा डिस्क्रिप्टर एखाद्या पॅकेटचा दुसरा तुकडा असेल तर तिसरा पुढच्या बॅचच्या सुरुवातीला मिळणार. म्हणजे लूपच्या आत जे लोकल व्हेरिएबल होतं, "चालू पॅकेटचे आतापर्यंतचे तुकडे", ते लूपच्या बाहेर, सॉकेटच्या स्ट्रक्चरमध्ये न्यावं लागतं. काउंटरही तपासा, "आरएक्स पॅकेट्स" नावाखाली डिस्क्रिप्टर मोजले जात असतात आणि मग मॉनिटरिंगच्या ग्राफवर ट्रॅफिक अचानक तिप्पट दिसतं.

पाठवण्याच्या बाजूला नियम जास्त कडक आहेत. मधला एखादा डिस्क्रिप्टर अवैध निघाला, शून्य लांबीचा असला तरी अवैधच, तर त्या पॅकेटचे बाकीचे तुकडेही बाद आणि ते कम्प्लिशन रिंगवर परत येत नाहीत. म्हणजे ते चंक गेले, तुम्ही स्वतः हिशेब ठेवला नसेल तर लीक. वर त्याच्या पुढचा डिस्क्रिप्टर नव्या पॅकेटची सुरुवात समजला जातो, तुमच्या मनात काहीही असो.

तपासायला महागडं कार्ड लागत नाही. व्हीईथची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन आभासी नेटवर्क इंटरफेसची, जोडी करा, दोन्ही टोकांना एमटीयू ९०००, प्रोग्रॅम नेटिव्ह मोडमध्ये (ड्रायव्हरमध्येच चालेल असा) लावा आणि पलीकडून फ्रॅगमेंट न करता ८९७२ बाइटचा पिंग मारा. २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीचे धरून ९०००, इथरनेटचे १४ धरून ९०१४. ४०९६ चे चंक असतील तर डिस्क्रिप्टर तीन: ३८४०, ३८४० आणि १३३४. हे आकडे प्रिंट करून बघितले की पुढचं पार्सिंग करायला धीर येतो. बॅच साइज मुद्दाम २ ठेवून तोच पिंग चालवा, वरचा बॅचवाला घोळ असेल तर लगेच उघडा पडेल.

मेमरी वाचवायला २०४८ चे चंक ठेवायचा मोह होतो, त्याचं गणित आधी करा. हेडरूम जाऊन १७९२ उरतात, पाच तुकड्यांत ८९६० बसतात आणि ५४ बाइटसाठी सहावा लागतो. कॉपी मोडमध्ये, म्हणजे कर्नल डेटा चंकमध्ये कॉपी करतं तेव्हा, याने काही बिघडत नाही, १८ तुकड्यांपर्यंत हा सपोर्ट असलेल्या कुठल्याही कर्नलवर चालतं. झिरो-कॉपीत मात्र मर्यादा कार्डाची, साधारण पाच तरी असतात असं कर्नलचं डॉक्युमेंटेशन म्हणतं, पण त्याहून जास्तीची खात्री कुणी देत नाही. आलेलं पॅकेट त्याच चंक्समधून पुढे ढकलणारा प्रोग्रॅम असेल तर या सहाव्यावर अडकू शकतो. कार्डाची मर्यादा नेटलिंकवरून, म्हणजे कर्नलशी बोलायच्या सॉकेटवरून, विचारता येते, ती प्रोग्रॅम सुरू होतानाच विचारा आणि कमी असेल तर तिथेच एरर देऊन थांबा. मी तरी सरळ ४०९६ घेतो.