टक्केवारी आलीय, मग एकेक पेशी कशाला?

"रिपोर्टमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या म्यूटेशनची (बिघाडाची) टक्केवारी आलेलीच आहे, मग पेशी सुट्या करून पुन्हा कशाला मोजायचं?" ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कॉलेजांतली मुलं हे विचारतात, पेशंटचे नातेवाईकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग. त्यांचा स्वतःचा डीएनए १६,५६९ अक्षरांचा. एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात आणि म्यूटेशन बहुधा त्यांतल्या काहींतच असतं. नमुन्यात ४० टक्के आलं, तर दहाही पेशींत ४०-४० असेल, किंवा चार पेशी पार बिघडलेल्या आणि सहा ठणठणीत असतील. फरक मोठा आहे, कारण बऱ्याच म्यूटेशनच्या बाबतीत पेशी ६० ते ८० टक्क्यांपर्यंत निभावून नेते, पुढे तिला ऊर्जा कमी पडायला लागते. सरासरीत हे दिसतच नाही. ३२४३ क्रमांकावर ए या अक्षराच्या जागी जी येतो ते मेलास या मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचं म्यूटेशन घ्या. एकेका पेशीत मोजल्यावर, २०२० साली, लक्षात आलं की रक्तातल्या टी पेशींत (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ते इतर पेशींपेक्षा बरंच कमी असतं.

आता मोजण्याचं. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये, साध्या तापमानाला, शक्यतो त्याच दिवशी पोचायला हवं. मे महिन्यात ठाण्याहून स्कूटरच्या डिकीत आलेली ट्यूब या कामाची राहत नाही. पेशी वेगळ्या करताना खरा त्रास प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणांचा. त्यांना केंद्रक नसतं, पण मायटोकॉन्ड्रिया असतात, आणि त्या पांढऱ्या पेशींना चिकटून येतात. मग एका पेशीच्या नावावर दुसऱ्याचाच डीएनए मोजला जातो. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) १० मिनिटं, असं दोनदा फिरवून वरचं पाणी टाकून द्या, आणि सॉर्टरवर (एकेक पेशी वेगळी करणाऱ्या यंत्रावर) सीडी४१ चा, म्हणजे प्लेटलेट्सच्या खुणेचा, रंग घेणारी प्रत्येक पेशी वगळा.

सॉर्टर ९६ खणांच्या प्लेटमध्ये थेंबातून एकेक पेशी सोडतो. तो थेंब नेमका तळाशी पडतोय ना, हे आधी बघायचं. खणांत टीएमबी हे रंग बदलणारं रसायन भरायचं आणि पेशीऐवजी एचआरपी एन्झाइमचा थेंब सोडायचा. थेंब पोचला तर खण निळा होतो, भिंतीला चिकटला तर पारदर्शकच राहतो. एखादी ओळ कडेकडेने फिकी दिसली तर प्लेट तिरकी बसली आहे. ही पाच मिनिटं वाचवू नका.

लायसिससाठी, म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करायला, ट्रिस बफर ५० मिलिमोलर, पीएच ८.५, ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ अर्धा टक्का, प्रोटिनेज के हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम. ५५ अंशांना दोन तास, मग ९५ ला दहा मिनिटं. शेवटची पायरी आखडती घेतली तर प्रोटिनेज पुढे पॉलिमरेजलाच, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमलाच, खातं. उणे ८० मधून काढलेली प्लेट सील न उघडता आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. नाहीतर सीलला लागलेला थेंब शेजारच्या खणात जातो, आणि पावसाळ्यात बाहेरून साचलेलं पाणीही आत उतरतं.

जुन्या पद्धतीत पीसीआर करून (फेऱ्याफेऱ्यांनी डीएनएच्या प्रती वाढवून) एपीए-वन एन्झाइमने बिघडलेल्या प्रती कापत. त्यात एक फसगत होती: शेवटच्या फेऱ्यांत चांगला धागा बिघडलेल्या धाग्याशी जुळतो, अशी जोडी कापली जात नाही, आणि म्यूटेशन कमी दिसतं. ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरमध्ये हा घोळ नाही. तिथे २० मायक्रोलिटर मिश्रणाचे मिळून सुमारे २०,००० थेंब होतात आणि प्रती सरळ मोजता येतात. मात्र आकडा किती प्रतींवरून आला ते आवर्जून विचारा. खरं प्रमाण ५० टक्के असताना १०० प्रती मोजल्या तर चूक ५ टक्के, दहाच मोजल्या तर जवळपास १६. तेवढ्यावर दोन पेशी वेगळ्या आहेत म्हणणं बरोबर नाही.

रिकामे खण ठेवाच. काहींत काहीच नको, काहींत पेशीविना थेंब. हातमोज्यातून, नळीतून आलेला निरोगी डीएनए टक्केवारी गुपचूप खाली ओढतो, आणि तो पकडायला दुसरा मार्ग नाही. केंद्रकातही मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या जुन्या नकला असतात. म्हणून प्रायमर (पीसीआरला कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) आधी ऱ्हो-झिरो पेशींवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढून टाकलेल्या पेशींवर, तपासा. तिथे काही वाढलं तर प्रायमर बदला.

नातेवाईकांनी या चाचणीसाठी धावपळ करू नये, ती अजून संशोधनातलीच आहे. पण ३२४३ चं प्रमाण रक्तात वयाबरोबर घटत जातं. पन्नाशीतल्या आईच्या रक्तात आकडा अगदी कमी आला, तर डॉक्टरांशी बोलून लघवीतल्या पेशींवर तीच चाचणी करून घ्या.