गुडघा आणि गुडघ्याचं पॅड

हॉकीत पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी, अडवायला गोलरेषेमागे पाच जणी उभ्या राहतात. एक गोलकीपर, चार बचावपटू. चेंडू आत ढकलला गेला की त्यातली एक सरळ फटका मारणारीच्या अंगावर धावत सुटते. तिला आम्ही फर्स्ट रनर म्हणतो. भारतीय पुरुष संघात हे काम अमित रोहिदासनं केलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निलंबनामुळे तो उपांत्य सामन्यात नव्हता आणि आपण जर्मनीकडून 3-2 हरलो, तेव्हा कुठे लोकांनी विचारलं की हा नक्की करतो तरी काय.

मी क्रीडाशिक्षक आहे, शालेय स्पर्धांत पंचगिरी करतो. हॉकीत दोन पंच असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मैदानाची एकच बाजू येते. त्यामुळे गोल करणारी पोरं लोकांच्या लक्षात राहतात, आम्हाला मात्र बचाव करणारी तोंडपाठ होतात. अशीच एक फर्स्ट रनर मुलगी मी चौदा वर्षांखालच्या गटापासून बघत होतो. बारकी, शेजारच्या तालुक्यातली. तिचं पळणं मला फार आवडायचं. मास्क बांधून डाव्या पायावर भार ठेवून थांबायची, चेंडू हलल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. रनर आधी निघाली तर तिची रवानगी मध्यरेषेपलीकडे होते आणि उरलेल्या चौघींना तोच कॉर्नर पुन्हा झेलावा लागतो. मोठमोठ्या खेळाडूंचा इथे तोल जातो. हिचा कधी गेलेला मला आठवत नाही.

विभागीय सामना होता, सतरा वर्षांखालचा, मुरमाच्या मैदानावर. टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून येतो, मुरमावर कुठल्या खड्यावरून उडेल ते मारणारीलाही ठाऊक नसतं. शून्य-शून्य. वेळ संपता संपता माझ्याच बाजूच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू हिच्या संघातल्या एकीच्या पायाला लागला, मी कॉर्नर दिला. शेवटचा कॉर्नर घड्याळ थांबल्यावरही पूर्ण खेळावा लागतो. गोल झाला तर सामना गेला, नाहीतर शूटआउट.

पुश झाला, स्टॉप झाला, ही निघाली. स्टिक खाली, रेघ सरळ. समोरचीनं जोरात हिट मारला. चेंडू दीडशे ग्रॅमहून जड आणि दगडासारखा टणक असतो. तो हिच्या पायावर आदळला आणि आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला.

आता नियम. पहिल्या फटक्याच्या वेळी बचावपटू पाच मीटरच्या आत असेल आणि चेंडू गुडघ्याच्या खाली लागला, तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. नेहमीसारखी उभी असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचावाला. फ्री हिट दिला की खेळ तिथेच थांबून सामना शूटआउटवर जाणार होता.

चेंडू नी-पॅडवर लागला होता. सगळ्यांनी बघितलं. फक्त ते पॅड गुडघ्यावर नव्हतं. शाळेकडे एकच संच, तोही मुलांच्या मापाचा, पट्टे सैल झालेले. चार ढांगांत ते घसरून नडगीवर आलं होतं. मी डीच्या कडेला होतो, मला पॅडच्या वर गुडघा उघडा दिसत होता. नियमात गुडघा लिहिलाय, पॅड नाही. दोन्ही हात गोलकडे केले. पुन्हा कॉर्नर.

हिच्या संघाचे सर धावतच आले. "अहो, नी-पॅडला लागलाय, शेंबडं पोरगंही सांगेल!" पॅड घसरल्याचं मी सांगितलं, ते ऐकायच्या पलीकडे होते. पालक तर नियम न वाचताच पंचाची जात काढतात, त्यांचं काय सांगायचं. व्हिडिओ बघायची सोय आमच्याकडे नाही. दुसऱ्या पंचाला विचारलं, तो मध्यरेषेजवळ होता. "तुला दिसलं ते दे," म्हणाला. याला मी मदत म्हणत नाही.

ती उठली, पॅड वर ओढलं, पुन्हा रेषेमागे गेली. पुन्हा वेळेवर निघाली. या वेळी चेंडू तिच्या स्टिकच्या टोकाला चाटून गोलमधल्या फळीवर आदळला. गोल. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला गेला.

सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. सातारा जिल्ह्यातल्या आसूसारख्या गावातून वैष्णवी फाळके भारतीय हॉकी संघात गेली, तेव्हापासून आमच्याकडे आईबापही मुलींच्या हातात स्टिक देतात. पण घरात हिशेब प्रमाणपत्राचा असतो, आणि प्रमाणपत्रावर किती कॉर्नर अडवले याचा रकाना नसतो. गोल करणारीची निदान पेपरात एक ओळ येते.

सामन्यानंतर ती बर्फ लावून बसली होती. निळा डाग गुडघ्याच्या वाटीखाली, बोटभर अंतरावर. मी तो बघतोय हे तिनं बघितलं.

"सर, पॅड घातलं नसतं तर कुणी भांडलं असतं का?"

"नसतं. पण पाय मोडला असता."

"मग पॅड घट्ट पाहिजे होतं."

"हो. तुझ्या मापाचं."

"माझ्या मापाचं कुठे मिळतं?"

मी पुण्यातल्या एका दुकानाचा पत्ता दिला. किंमत तिनं विचारली, मी सांगितली, आणि तिनं पत्त्याचा कागद घडी करून मैत्रिणीकडे दिला.

निर्णय बरोबर होता, यावर मी आजही ठाम आहे. पण सामन्याआधी साहित्य तपासायचं ते आम्ही स्टिक आणि खिळ्यांचे बूट बघून उरकतो. आता मी पाचही जणींना पॅड बांधून दहा पावलं पळायला लावतो. सोबतचे पंच घड्याळ दाखवतात, आयोजक कुरकुरतात, आणि निम्म्या संघांची पॅडं सहाव्या पावलाला खाली येतात. मग काय करायचं, खेळू द्यायचं की नाही, हे मला कुणीच सांगत नाही. परवा एका संघाला मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून दिले. चालले.