चौथा रकाना

त्या मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोचले, तेव्हा केसपेपरच्या खिडकीसमोर एकही माणूस उभा नव्हता. रांग मात्र होती. चपलांचे जोड, एक पाण्याची बाटली, दोन बाजाराच्या पिशव्या, एक वीट आणि तिच्याखाली दाबलेला रुमाल. मालक सगळे लिंबाखाली बसलेले. मी मोजलं, ४३ नंबर. खिडकी साडेआठला उघडणार होती.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेशन्स रिसर्च शिकवते. रांगांचं गणित दरवर्षी फळ्यावर मांडते. रुग्णालयाचे अधीक्षक एका कार्यक्रमात भेटले आणि म्हणाले, "मॅडम, केसपेपरच्या रांगेबद्दल रोज तक्रारी येतात. तिसरी खिडकी काढू का, एवढं सांगा." म्हणून घड्याळ आणि आखलेली वही घेऊन मी आठवडी बाजाराचा दिवस निवडला. बाजाराला यायचंच असतं, त्यातच दवाखाना उरकायचा, हा वाड्यावस्त्यांवरचा हिशोब. त्यामुळे मंगळवारची गर्दी इतर दिवसांसारखी नसते. आठवड्याची सरासरी काढणाऱ्याला ती दिसणारच नाही.

वहीत मी तीन रकाने आखले होते: कधी आला, कधी खिडकीशी पोचला, कधी सुटला.

साडेआठला खिडकी उघडली आणि चपला माणसांच्या पायात गेल्या. नंबरावरून एकही भांडण झालं नाही. वीट कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. केसपेपर भराभर निघत होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी निःशुल्क झाली, तेव्हापासून सुट्ट्या पैशांचा घोळच संपला आहे. नाव, वय, गाव, आणि कागद हातात. सव्वादहापर्यंत ती रांग विरून गेली. तक्रार जिथली होती, तिथे दुखणं नव्हतंच. तिसरी खिडकी काढली असती, तर माणसं डॉक्टरांच्या व्हरांड्यात थोडी लवकर जाऊन उभी राहिली असती, आणि तिथे बाकही दोनच.

खरी रांग तुंबली ती औषधाच्या खिडकीवर. दोघांपैकी एक फार्मासिस्ट रजेवर होते. दुसरे खाली मान घालून काम करत होते. चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजायच्या, नोंद करायची आणि "ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री" असं समजावूनही सांगायचं. माणसामागे सरासरी ८० सेकंद, म्हणजे तासाला ४५ जण. यापेक्षा वेगाने कुणी हे काम नीट करू शकेल असं मला वाटत नाही, आणि समजावून सांगण्याचा वेळ कापा असं मी कधीही सुचवणार नाही.

खिडकीची क्षमता आणि येणारी माणसं जवळ जवळ येऊ लागली की काय होतं, हे मी अधीक्षकांना तिथेच कागदावर दाखवलं. समजा, खिडकीवरून तासाला ३० माणसं सुटू शकतात आणि माणसं आगेमागे, कशीही येतात. तासाला २४ आली तर प्रत्येकाचे सरासरी १० मिनिटं जातात. २७ आली तर २०. आणि २९ आली तर पूर्ण तास. माणसं वाढली पाचच, वेळ झाला सहापट. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

बारा वाजून दहा मिनिटांनी एक आजी औषधाच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. साखरेच्या गोळ्या संपलेल्या, महिन्याची चिठ्ठी हातात. मी वहीत वेळ लिहिली. त्यांच्या पुढे ४० माणसं होती. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा नियम वापरायला अवघड नाही. रांगेतली माणसं भागिले सुटण्याचा वेग म्हणजे थांबण्याचा वेळ. ५३ मिनिटं. आजींचा नंबर एक वाजून तीन मिनिटांनी लागणार होता.

पाऊण वाजता त्यांनी पिशवी उचलली. पुढे १४ जण उरले होते.

"आजी, नंबर आलाच की," मी म्हटलं.

"येकची यष्टी हाय बाई. ती चुकली की वडापवाला चाळीस रुपयं घेतोय. गोळ्या पुढल्या बाजारी निती."

"तोवर गोळ्या आहेत का घरी?"

त्यांनी नुसती मान हलवली आणि चालू लागल्या. स्टँड तिथून दहा मिनिटांवर. मी वही घेऊन उभी होते. मागे धावून जाऊन फार्मासिस्टना सांगायला हवं होतं. तेव्हा ते सुचलं नाही, याची टोचणी अजून आहे.

दुपारी वही आवरायला बसले. औषधाच्या खिडकीवर थांबण्याची सरासरी आली २८ मिनिटं. बाजाराच्या दिवशी, एका माणसाच्या बळावर, चांगलाच आकडा. अधीक्षकांचा चेहरा खुलला. पण आजींच्या ओळीत तिसरा रकाना कोरा होता, आणि कोरी ओळ सरासरीत धरली जात नाही. २८ मिनिटं ही फक्त औषध मिळालेल्यांची सरासरी होती. कंटाळून किंवा गाडीसाठी निघून गेलेल्या माणसाने ती उलट सुधारलीच होती.

मग आम्ही नोंदवह्या जुळवायला घेतल्या. केसपेपर निघाले होते २३१. औषधाच्या खिडकीवर नोंदी १८३. उरलेल्या ४८ पैकी १७ जण दाखल झाले होते किंवा नुसत्या ड्रेसिंगला आले होते. ३१ जणांना औषध लिहून दिलेलं होतं आणि ते घेतल्याची नोंद कुठेच नव्हती. काहींनी बाहेरच्या मेडिकलमधून घेतलं असेल. सगळ्यांनी नक्कीच नाही.

मला राहून राहून रांगांचं गणित पहिल्यांदा मांडणारा डॅनिश गणिती एर्लांग आठवत होता. हे शास्त्र जन्मलं तेच कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. १९०९ मध्ये त्याचा पहिला लेख आला, आणि १९१७ च्या लेखात त्याने सूत्र मांडलं ते न जोडल्या गेलेल्या कॉल्सचं. लाइन रिकामी नसेल तर किती कॉल वाया जातील, याचं. म्हणजे परत गेलेल्यांचा हिशोब या विषयात सुरुवातीपासून आहे. पंधरा वर्षं मी तो शिकवत आले आणि वहीत मात्र त्यांच्यासाठी जागा ठेवली नव्हती. त्या दुपारी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला: गेला.

पुढच्या मंगळवारी अधीक्षकांनी साडेदहा ते दीड या वेळेसाठी आवारातल्या लसीकरणाच्या फार्मासिस्टना औषधाच्या दुसऱ्या खिडकीवर बसवलं. केसपेपरच्या तिसऱ्या खिडकीचा विषय संपला होता. साडेबाराच्या सुमारास रांग तरीही २० जणांची होती. तेव्हा पहिल्या खिडकीतले फार्मासिस्ट उठून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "एकच्या गाडीला कोण कोण आहे?"

सात हात वर आले. पुढे उभा असलेला गावातला एक तरुण कुरकुरला, "आम्ही काय आधीपासून उगाच उभे आहोत का?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सात जणांना दोन खिडक्यांवर वाटून त्याची पाच मिनिटं जाणार होती, हे मी त्याला सांगितलं. त्याने मागे वळून ते हात पाहिले आणि बाजूला सरकला.

सातांत शेवटून दुसऱ्या त्या आजी होत्या. मागच्या मंगळवारचीच चिठ्ठी, घडी पडून मऊ झालेली. फार्मासिस्टनी गोळ्या मोजून दिल्या आणि विचारलं, "आठ दिवस काहीच घेतलं नाही?" आजी म्हणाल्या, "शेजारणीकडनं चार घितल्या व्हत्या." मग गोळ्या कनवटीला लावून त्या बारा चाळीसला बाहेर पडल्या.

त्या दिवशी चौथ्या रकान्यात नऊ नावं होती.