मुख्यालयांची नोंद : लान्स, यूएस ४१ आणि किविनॉ उपसागराचा काठ

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, म्हणजे अप्पर पेनिन्सुलात, १५ कौंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत, आणि आपण छांदिष्ट मंडळी त्यांची मुख्यालयं एकेक करून पाहतो आणि यादीत खूण करतो. त्यातल्या तिघींची मुख्यालयं आजही कायद्याने शहरं नाहीत, गावंच आहेत : न्यूबेरी, लान्स आणि ऑन्टनॅगन. न्यूबेरी मागे झालं. या खेपेला लान्स, म्हणजे बरागा कौंटी. कोर्टाच्या इमारतीचा फोटो काढला की मुख्यालय 'झालं' असं आपल्यातले बरेच जण धरतात. मला ते पटत नाही. गावात येणारे रस्ते कुठून येतात आणि त्यांच्या कडेला काय उभं आहे हे पाहिल्याशिवाय मी खूण करत नाही.

मार्क्वेटहून पश्चिमेला निघालं की यूएस ४१ हा राष्ट्रीय आणि एम-२८ हा राज्य महामार्ग बराच वेळ एकाच डांबरावरून जातात. पाट्या वाचणाऱ्यांसाठी हा पट्टा फार गोड आहे. गाडीचं तोंड मावळतीला, आणि ४१ च्या ढालीच्या आकाराच्या पाटीवर 'नॉर्थ', तर शेजारच्या एम-२८ वर 'वेस्ट'. दोन्ही बरोबर, कारण ४१ हा मायामीपासून कॉपर हार्बरपर्यंतचा, जवळजवळ २,००० मैलांचा दक्षिणोत्तर रस्ता. शिकागोकर रोज ज्या लेक शोर ड्राइव्हवरून जातात, तोही हाच. कव्हिंग्टनच्या अलीकडे दोघांची फारकत होते आणि ४१ खरोखरच उत्तरेला वळतो. विस्कॉन्सिनमधून वर आलेला यूएस १४१ याच तिठ्यावर संपतो. रस्त्यांच्या शेवटाच्या पाट्यांचे फोटो गोळा करणाऱ्यांनी इथे गाडी बाजूला घ्यावीच.

पुढे कॅनियन फॉल्सचा थांबा लागतो. रस्त्यावरून काहीच दिसत नाही, म्हणून बहुतेक गाड्या तशाच निघून जातात. झाडीतल्या पायवाटेने आत गेलं की स्टर्जन नदी काळ्या खडकाच्या अरुंद घळीत उतरताना दिसते. खडकाच्या कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ आहेत.

तिथून थोडं वर आल्बर्टा. हेन्री फोर्डने १९३६ मध्ये लाकडाची गिरणी आणि कामगारांची घरं एकत्र आखून हे वसवलं. १९५४ मध्ये ते आताच्या मिशिगन टेक विद्यापीठाकडे गेलं. गिरणीची पांढरी इमारत हमरस्त्याला लागूनच आहे. डेट्रॉइटच्या मोटारींना लागणारं लाकूड इकडच्या रानातून जायचं, हे वाचून ठाऊक होतं. गिरणीसमोर उभं राहिल्यावर ते अंतर अंगावर आलं.

मग उतार, आणि समोर लेक सुपीरियर या सरोवराचा किविनॉ उपसागर. लान्स त्याच्या अगदी टोकाला आहे. हमरस्ता गावाच्या वरच्या अंगाने जातो. ब्रॉड स्ट्रीट धरून खाली उतरलात तरच गाव आणि धक्का दिसतो. १८९६ च्या आगीत गावाचा बराचसा भाग जळाला होता.

लान्सहून पूर्व काठाने वर पेक्वामिंग आहे. फोर्डने १९२३ मध्ये विकत घेतलेली ही गिरणीवस्ती. पाण्याच्या टाकीवर फोर्डचं नाव अजून पुसट वाचता येतं. याच बाजूला आत जंगलात माउंट आर्वन, मिशिगनचं सर्वोच्च ठिकाण, १,९७९ फूट. १९८२ च्या फेरमोजणीपर्यंत तो मान शेजारच्या माउंट कर्वुडकडे होता. फरक निघाला एका फुटाचा! वर जायला लाकूडतोडीचे कच्चे रस्ते आहेत. त्यांवर महामार्गासारखे क्रमांक नाहीत, निळ्या खुणांवर नजर ठेवून जायचं. बर्फ वितळून चिखल वाळेपर्यंत लहान गाडी तिकडे घालू नका.

आता ज्यासाठी लोक मुद्दाम थांबतात ते. लान्सहून बरागा गावाकडे ४१ उपसागराला वळसा घालतो, आणि वाटेत कड्यावर बिशप फ्रेडरिक बरागाचा ३५ फुटी पितळी पुतळा आहे. एका हातात ७ फुटांचा क्रूस, दुसऱ्या हातात २६ फुटांचे बर्फावर चालायचे जोडे. खालच्या पाच लाकडी कमानी म्हणजे त्याची पाच मिशनठाणी. हा माणूस स्लोव्हेनियातून आला, बर्फातून मैलोनमैल चालत फिरला आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेचं व्याकरण आणि कोश लिहून गेला. १८५४ च्या तहाने ठरलेली ओजिब्वे लोकांची राखीव भूमी उपसागराच्या दोन्ही काठांना आहे. कड्यावरून दोन्ही काठ एका नजरेत येतात, त्यामुळे हा वळसा नकाशापेक्षा इथे चांगला कळतो. संध्याकाळपेक्षा सकाळी जा, पूर्वेचा उजेड पुतळ्यावर पडतो.

लान्सवर खूण केली. पुढचा टप्पा बरागा गावातून सुटणारा एम-३८. तो पश्चिमेला थेट ऑन्टनॅगनला पोचतो, म्हणजे तिसरं गाव-मुख्यालय. आणि तिथेच अलाबामातल्या मोबीलपासून निघालेला यूएस ४५ संपतो. त्या शेवटाच्या पाटीचा अलीकडचा फोटो कुणाकडे असेल तर जरूर दाखवा.