वरचं चाक आपोआप फिरायचं

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घ्यायला निघालो होतो. धरमतरच्या खाडीत शिरलो तर समोरून मालवाहू बार्ज. डोलवीला माल उतरवून रिकामा परतत होता, त्यामुळे पाण्याबाहेर दुमजली घरासारखा उठलेला. नियमाप्रमाणे दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. मी चाक उजवीकडे दोन फेरे फिरवलं. बोट सरळ. आणखी दोन फेरे. नाक जेमतेम हललं.

वरच्या डेकवरून भाचा ओरडला, "मामा, इथलं चाक आपसूक फिरतंय!"

"हात लावू नकोस त्याला," मी खालून ओरडलो. डावं इंजिन पुढे, उजवं मागे घेतलं आणि बोट जागच्या जागी वळवली. दोन इंजिनं असण्याचा फायदा तो हा. बार्ज बाजूने गेला, त्यावरच्या खलाशाने हात केला, मीही केला. माझे पाय नंतर बराच वेळ कापत होते, पण ते भाच्याला दिसू दिलं नाही.

मी मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात हयात घालवलेला माणूस. मोठ्या जहाजाचं स्टिअरिंग गिअर म्हणजे खोलीभर पसरलेली यंत्रणा. जहाज पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांवर 28 सेकंदांत गेलंच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम मी झोपेतही सांगेन. निवृत्तीनंतर घेतलेली ही बोट 36 फुटी, फायबरची, 1987 सालची. हिचं स्टिअरिंग त्या मानाने खेळणं. त्या खेळण्याने मला दीड महिना नाचवलं.

रचना साधी आहे. चाकाच्या मागेच एक छोटा पिस्टन पंप असतो. चाक फिरवलं की तो एका नळीतून तेल ढकलतो. ते बोटीच्या मागच्या खणातल्या सिलिंडरमध्ये जातं, सिलिंडरचा दांडा टिलर आर्म, म्हणजे सुकाणूवर बसवलेला आडवा हात, ढकलतो आणि सुकाणू वळतं. दुसऱ्या नळीतून पलीकडच्या बाजूचं तेल परत येतं. आमच्याकडे सुकाणू दोन आहेत. सिलिंडर एकालाच जोडलेला, दुसरं मधल्या दांड्याने त्याच्यामागे फिरतं. चाकंही दोन, एक खाली केबिनमध्ये, एक वर डेकवर, आणि दोन्ही पंप त्याच नळ्यांवर.

करंजाच्या बाजूला उधाणाच्या भरतीला बोट ओढून वर घेतली. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत तिथे एवढं पाणी चढतच नाही, त्यामुळे तारीख चुकली की पंधरा दिवस थांबा. पहिलं काम मात्र मी बरोबर केलं. सिलिंडरचा दांडा टिलरपासून सोडवला आणि सुकाणू हाताने हलवून पाहिलं. पुष्कळदा दोष तेलात नसतोच, सुकाणूचं बुश अडकलेलं असतं आणि लोक पंपाला शिव्या घालत बसतात. आमचं सुकाणू लोण्यासारखं फिरलं. म्हणजे दोष हायड्रॉलिकमध्ये, तेलाच्या यंत्रणेत.

मागच्या खणात सिलिंडरच्या दांड्यावर तेलाचा ओलावा होता. बस, मी निकाल देऊन मोकळा झालो. पिस्टनचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी गेलीय, तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पळतंय. भाच्याने पुन्हा विचारलं, "पण मामा, वरचं चाक का फिरत होतं?" मी म्हणालो, "सगळं एकमेकांना जोडलेलं आहे रे, हलणारच." हे उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं असणार.

सिलिंडर उघडला. सील खरंच खराब होतं, पण झिजलेलं नव्हतं. फुगून मऊ झालेलं, नखाने दाबलं तर खळगा पडत होता. हे का झालं त्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. काढलेलं तेल पाण्याच्या बाटलीत भरून रात्रभर इंजिनच्या झाकणावर ठेवलं होतं. सकाळी पाहतो तर बाटलीत दोन थर. वर हायड्रॉलिक तेल, तळाशी वेगळंच काहीतरी. झाकण उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. ब्रेक ऑइल! बोटीच्या आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी तेल कमी दिसलं म्हणून गॅरेजमधला डबा ओतला होता. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलचं, ते खनिज तेलात मिसळत नाही, आणि या सिलिंडरची नायट्राइल रबराची सीलं त्याने फुगतात. वर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. गाडीला जे चालतं ते इथे विष आहे.

सील किट परदेशातून मागवायचं तर पावसाळा संपला असता. मी जुनी सीलं, दांड्याचं आणि नळकांड्याचं माप व्हर्नियरने घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांना काय सांगू. हातगाड्या, हमाल, दुकानाच्या पायरीवर लटकलेल्या होजच्या वेटोळ्या, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस मापाचा कागद न पाहता नुसतं सील बोटांत फिरवून सांगतो, "अडतीस बाय सोळा, नायट्राइल, सत्तर शोअर." अडतीस मिलिमीटर नळकांडं, सोळा मिलिमीटर दांडा, शोअर म्हणजे रबराच्या कठीणपणाचं माप, अगदी बरोबर. सगळ्या सीलांचे मिळून साडेतीनशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. तेलाने मात्र छळलं. या पंपाला 15 ग्रेडचं पातळ तेल लागतं आणि दुकानातून 32, 46, 68 यांच्याच बादल्या समोर येतात. "सगळं हायड्रॉलिकच आहे साहेब," असं दोघा-तिघांनी समजावलं. जाड तेल घातलं की चाक जड होतं आणि हवाही लवकर सुटत नाही. दोन दिवस फिरून मिळवलं.

नळ्या धुतल्या, सीलं बसवली, तेल भरलं, हवा काढली. टिलर जोडला, खालचं चाक फिरवलं. तेच दुखणं. आठ फेरे, नऊ फेरे, टोकाला पोचल्यावरही चाक फिरतंच आहे.

इथे हिशेब सांगतो, कारण तो आधी केला असता तर बरं झालं असतं. माझ्या पंपातून एका फेऱ्याला 28 घन सेंटिमीटर तेल निघतं. सिलिंडरचा 178 मिलिमीटरचा पूर्ण पल्ला भरायला एका बाजूने साधारण 202 घन सेंटिमीटर तेल लागतं, तर दांड्याच्या बाजूने 166, कारण दांडाच जागा खातो. म्हणजे एकीकडे सव्वासात फेरे, दुसरीकडे सहाला थोडे कमी. दोन्हीकडचे फेरे सारखे नसणं हा या प्रकारच्या सिलिंडरचा दोष नाही, घडणच तशी आहे. पण त्यावर दीड-दोन फेरे जास्त लागणं म्हणजे तेल कुठेतरी भलतीकडे जातंय. नवं सील बसवलेल्या सिलिंडरमधून ते जाणार नाही. मग कुठे?

सिलिंडरच्या नळ्यांवरच्या दोन्ही कॉक बंद केल्या आणि चाक फिरवलं. आता चाक दगडासारखं अडायला हवं होतं. ते फिरलं. आणि वरून पुन्हा तोच आवाज, "मामा, फिरतंय!"

"धरून ठेव घट्ट."

त्याने वरचं चाक धरलं आणि माझं खालचं चाक जागच्या जागी अडलं. मी काही क्षण तसाच उभा राहिलो. पोराने हे धरमतरच्या खाडीत पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. प्रत्येक पंपात एकमार्गी झडप असते. दुसऱ्या चाकाने ढकललेलं तेल आपल्या पंपात शिरू नये यासाठीच ती असते. वरची झडप बसत नव्हती. मी खालून तेल ढकलत होतो आणि ते सुकाणू फिरवायचं सोडून वरचा पंप मोटरसारखा फिरवत होतं.

वरचा पंप काढून केबिनच्या टेबलावर हिच्या जुन्या साडीच्या तुकड्यावर उघडला. झडपेची गोळी आणि तिची बैठक यांच्यामध्ये एक पांढरा धागा. केसाएवढा. चिमट्याने काढला, उजेडात धरला. टेफ्लॉन टेप.

आणि ती टेप माझी होती. आदल्या वर्षी याच पंपाचा एक निपल, म्हणजे नळी जोडायचा आट्यांचा तुकडा, पाझरत होता, तेव्हा मीच बदलला होता. घाईत होतो, पाण्याच्या नळाला गुंडाळतात तशी टेप गुंडाळली. हायड्रॉलिकच्या आट्यांवर टेप लावायची नाही, तिचे तुकडे सुटून आत जातात, तिथे पातळ सीलंट लावायचा. हे मी कितीतरी ज्युनिअरांना ओरडून शिकवलंय. भाच्याला काय झालं ते सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

दोन्ही पंपांचे सगळे निपल उघडून आटे साफ केले. तांब्याच्या नळीचा मागच्या खणातला शेवटचा हातभर तुकडा थरथरीने कडक होऊन चिरायच्या बेतात होता, तिथे होज घातला. वर जाणारी नळी एका ठिकाणी पोटासारखी खाली लोंबत होती. ती क्लॅम्पने चढती बांधली, नाहीतर हवा तिथेच अडते. मग हवा काढण्याचं काम, ज्याला दोन माणसं आणि अमाप सबुरी लागते. तेल सगळ्यात उंच पंपातून, म्हणजे वरूनच भरायचं. उलटी बाटली लावून भाचा वर, मी खाली सिलिंडरपाशी हवा सोडायचा निपल उघडून. तो हळूहळू एका दिशेला फिरवतोय, मी नळीतल्या बुडबुड्यांकडे बघतोय. बुडबुडे थांबले की निपल बंद, मग दुसरी बाजू. पहिल्या दिवशी वाटलं झालं. रात्री बारीक बुडबुडे वर चढले आणि सकाळी वरच्या पंपातली पातळी बोटभर खाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पातळी हलली नाही.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला बोट पाण्यात गेली. खाडीत खालच्या चाकावर मी, वर भाचा, दोन्ही हात वर करून उभा, चाकाला शिवायचं नाही या अटीवर. उजवीकडे सहा फेरे, टोक. डावीकडे सव्वासात, टोक. सवयीने घड्याळ लावलं होतं. या टोकापासून त्या टोकाला तेरा सेकंद.

"वर काय?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "हात खाली घेऊ का आता?"