साडेचारचं पाणी

शनिवारी सकाळी पावणेआठला फोन. "डॉक्टर, बोका भाऊच्या धक्क्यावर सोडला तर जगेल ना हो? मासळी असतेच तिकडे."

मी चहा गाळत होते. घरोघर जाऊन मांजरं तपासण्याचं माझं काम, त्यामुळे अशा फोननं आता दचकायला होत नाही. वर्षाकाठी तीन-चार माणसं तरी मला मांजर कुठे सोडायचं ते विचारतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: घरात घाण करतं. ओरबाडणं, चावणं, पडदे फाडणं लोक खपवून घेतात. मुताचा वास नाही खपवून घेत. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण सकाळी पावणेआठला कायदा ऐकायला कोणालाच आवडत नाही.

"त्याला लघवी होतेय का नीट?" मी विचारलं. "की नुसता बसतो, जोर करतो, ओरडतो?"

"होते म्हणजे काय! आईच्या गोधडीवर तळं असतं."

तळं हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. परळच्या पशुवैद्यक कॉलेजातून बाहेर पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा एका बाईंचा असाच फोन आला होता. बोका त्याच्या शू-शीच्या वाळूच्या डब्यात जात नाही, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसतो, उठतो, परत बसतो. मी फोनवरच ऐटीत सांगितलं, वाळू बदलून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्याला आणलं, तेव्हा मूत्राशय हाताला क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागत होतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी इतकी अरुंद असते की बारीक रेव किंवा नुसता चिकट गाळ अडकला तरी पुरतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि शेवटी हृदयावर येतं. एक-दोन दिवसांचाच खेळ असतो तो. नळी घातली, सलाईन लावलं, बोका रात्री गेला. त्या बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून बोक्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

दहाच्या सुमाराला वडाळ्याला पोचले. पाऊस धो धो. मूळचं कुटुंब काळाचौकीचं. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर होतोय, म्हणून चार महिन्यांपासून बिल्डरच्या भाड्यावर इथे अकराव्या मजल्यावर राहतात. मुलगा, सून, नववीतली नात, सत्त्याहत्तर वर्षांच्या आजी आणि बंड्या. सात वर्षांचा, काळापांढरा, साडेपाच किलोचा, एक कान जुन्या मारामारीत फाटलेला, नसबंदी झालेला.

दार उघडल्या उघडल्या फिनाईलचा भपकारा आला. आणि त्याखालून, फिनाईलला न जुमानता, तो दुसरा वास.

"मुद्दाम करतो," मुलगा म्हणाला. "चाळ सोडली ना, त्याचा सूड उगवतोय."

"आणि कुठे, तर तुळशीत!" आतून आजींचा आवाज. "तीन आठवड्यांवर गणपती आले. मी काय सांगू देवाला?"

हे सुडाचं प्रकरण मला दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतं. मांजराच्या अंगी पुष्कळ गुण आहेत, पण डाव रचून चार महिने सूड उगवत बसणं ही आपली खासियत. मी तसं बोलले नाही. बंड्या पलंगाखाली होता. त्याला हलवलं नाही, मीच जमिनीवर आडवी होऊन त्याच्याजवळ सरकले. नातीनं टॉर्च धरला.

पोट मऊ. मूत्राशय लिंबाएवढं, दाबल्यावर कुरकुर नाही. सुईनं चार मिली लघवी काढली. पट्टीवर साखर नाही, रक्त नाही. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे लघवीची घनता मोजायच्या यंत्रात, १.०४८ दिसली, म्हणजे मूत्रपिंड पाणी राखून दाट लघवी करतंय, त्या बाजूची काळजी बरीचशी गेली. मग नातीला विचारलं, तो करताना उभा राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर मारतो का? नाही, बसूनच करतो. म्हणजे हद्द आखण्याचाही प्रकार नव्हता. बंड्याला जायची घाई होती, जागा पसंत नव्हती, एवढंच.

जागा बघितली आणि मला वाटलं, झालं, केस सुटली. न्हाणीघरात वॉशिंग मशीनला खेटून ठेवलेला डबा. झाकणाचा, पुढे झुलतं दार असलेला. नातीनं आपल्या वाढदिवसाच्या पैशांतून ऑनलाइन मागवला होता बिचारीनं. आत लॅव्हेंडरच्या वासाचे सिलिकाचे खडे. आणि कामाला येणाऱ्या मावशी तो रोज फिनाईलनं धुवायच्या.

मी रीतसर भाषण दिलं. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब डबा हवा. यात बंड्याला वळतासुद्धा येत नाही. झाकणामुळे वास आत कोंडतो, आपल्याला येत नाही म्हणून आपण खूश, पण नाक त्याचं आत असतं. मशीन फिरायला लागलं की तो थरथराट. फिनाईलसारख्या गोष्टी मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटले की ते पोटात जातं; नुसतं गरम पाणी आणि साधा साबण बास. मांजरं जितकी, त्याहून एक डबा जास्त. सून वहीत लिहून घेत होती. मुलगा मोबाइल बघत होता. मला माझ्या भाषणाचा जरा अभिमानच वाटत होता.

बॅग बंद करत होते, तेवढ्यात खाटेवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "ते सगळं खरं बाई. पण तो करतो पहाटे साडेचारलाच. दिवसा जातो की त्या डब्यात कधीकधी."

मी थांबले. तासभर मी मुलाला विचारलं, सुनेला विचारलं, नववीतल्या पोरीला विचारलं. ज्यांच्या गोधडीवर तळं होतं त्यांना काही विचारलं नव्हतं.

"साडेचारलाच कशावरून?"

"मी जागी असते ना. चाळीत साडेचारला पाणी यायचं. चाळीस वर्षं उठले, आता डोळाच लागत नाही त्यानंतर. मी उठायची, दार उघडायची, हा माझ्या पायातून खाली पळायचा. नळाच्या मागे माती होती थोडी, तिथे उकरायचा, यायचा. तोवर माझे दोन हंडे भरलेले."

"आणि आता साडेचारला उठलात की काय करता?"

"काय करणार? पाणी आहे चोवीस तास. बसते पलंगावर."

"तो?"

"तो मोरीच्या दाराशी जातो, ओरडतो. मग येतो माझ्याकडे."

"दाराशी का?"

आजी काही बोलल्या नाहीत. सून हळूच म्हणाली, "आई रात्री मोरीचं दार लावतात. झुरळं येतात म्हणून."

खोलीत क्षणभर फक्त पावसाचा आवाज. मुलगा हसायला लागला आणि आईचा चेहरा बघून गप्प झाला. मला आजींचं वाईट वाटलं. चार महिने त्यांनीच आरडाओरडा केला होता, तुळस धुतली होती, गोधड्या पिळल्या होत्या. आणि कडी लावणारा हात त्यांचाच निघाला. मी पटकन म्हटलं, झुरळं येतात हे खरंच आहे, दार लावणारच माणूस. चूक डबा मोरीत ठेवायची. हे त्यांच्या समाधानासाठी म्हटलं, पण खोटंही नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. कपडे भिजवायचा मोठा टब रिकामा केला, मुलानं एका बाजूला कापून उंबरठा खाली घेतला. माझ्या गाडीत साध्या, बिनवासाच्या बेंटोनाइटची, म्हणजे मांजराच्या डब्यात घालायच्या मातीची, पिशवी असते, ती ओतली. आजी जवळ येऊन वाळूत बोट फिरवून बघत होत्या.

"ही विकत मिळते? माती?"

मी त्यांना गोष्ट सांगितली. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण आली, मांजरासाठी वाळू मागायला. त्यानं वाळूऐवजी दिली ती भाजलेली मुलतानी माती, आणि त्यातूनच पुढे हा सगळा धंदा उभा राहिला. आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "आम्ही ती तोंडाला लावायचो."

आणि मग त्यांनीच सुचवलं, "वर ओंजळभर खरी माती टाकू का? त्याला नळामागची सवय आहे." माझ्या डोक्यात नव्हतं आलं. मांजराचे पूर्वज रखरखीत मुलखातले, मऊ आणि उकरता येणारी माती हीच त्यांची ओढ, हे मी शिकवते लोकांना. पण या बोक्याची माती कोणती हे आजींना ठाऊक होतं. खालच्या नर्सरीवाल्याकडून नात छत्री घेऊन गेली आणि माती घेऊन आली. तुळशीच्या कुंडीतली घ्यायची नाही, यावर एकमत होतं.

टब आजींच्या खोलीतच, खिडकीखाली ठेवला. मुलाला ते पटलं नाही. "झोपतात तिथे?" रोज दोनदा खडे काढले तर वास येत नाही, मी म्हटलं. तुळशीच्या मातीवर नदीतले गोटे घट्ट बसवले, मांजराला गोट्यांत उकरता येत नाही. गोधड्यांचं मात्र अवघड होतं. आजींच्या सासूबाईंच्या लुगड्यांच्या होत्या त्या, टाकायच्या कशा? वास राहिला की तो पुन्हा तिथेच जाणार. एन्झाइमवाल्या पावडरीत थंड पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फिनाईल नाही, गरम पाणी नाही. वाळवायच्या कशा, हा प्रश्न श्रावणातल्या मुंबईत मी सोडवू शकले नाही. पंख्याखाली तीन दिवस लागले म्हणे.

रविवारी पहाटे चार चाळीसला मिस्ड कॉल. परत केला. आजींचा आवाज बारीक. "टबाच्या बाहेर केली. पायपुसण्यावर. टबाला टेकून." मी म्हटलं, टेकून केली म्हणजे जवळ आला, पायपुसणं उचला. सोमवारी टब कोरडा राहिला, कुठे केली ते दिवसभर सापडलं नाही. नंतर कळलं, न्हाणीघराचं दार उघडं होतं म्हणून जुन्या डब्यात. मंगळवारी काहीच फोन नाही. बुधवारी नातीनं फोटो पाठवला, टबात मातीचा छोटासा ढीग, शेजारी आजींची पावलं.

गणपतीत दुसऱ्या दिवशी दर्शनाला गेले. बंड्या टीव्हीच्या मागे, ढोलाच्या आवाजानं वैतागलेला. टब जागेवर. आरतीनंतर आजींनी माझ्या हातात मोदक ठेवला आणि मला खिडकीशी नेलं.

"नवीन बिल्डिंगमध्ये चौदावा मजला मिळणार आम्हाला," त्या म्हणाल्या. "तिकडेही पाणी चोवीस तास."

"चांगलंय की."

"हो, चांगलंच आहे." त्यांनी टबातला एक खडा पायानं आत सारला. "साडेचारला उठल्यावर याचं तरी करायला मिळतं."